सोन्याचे सूक्ष्म कण गेलेली नजर परत आणतील का? प्रयोगशाळेतला उंदीर ते पारशिवनीतला पेशंट, अंतर नेमकं किती

एप्रिल २०२५ मध्ये अमेरिकेतल्या ब्राऊन विद्यापीठाच्या संशोधकांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. डोळ्यात सोन्याच्या अतिसूक्ष्म कणांचं इंजेक्शन द्यायचं, त्या कणांवर डोळ्याला न दिसणारा लेझर टाकायचा आणि निकामी झालेल्या पडद्यातून मेंदूकडे पुन्हा संदेश पाठवायचा, अशी ही पद्धत. बातमी जगभर गेली. अशा बातम्या फॉरवर्ड होत होत आपल्या मोबाईलवर पोहोचतात तेव्हा 'एका इंजेक्शनने अंधांना दिसणार' एवढंच वाक्य उरतं. उंदीर मागे राहतो, लेझर मागे राहतो आणि 'अजून माणसावर प्रयोग झालेला नाही' हे वाक्य तर सगळ्यात आधी गळतं.

नागपूर जिल्ह्यात या बातमीकडे आशेने बघणारी घरं कमी नाहीत. इथल्या ग्रामीण भागात झालेल्या एका मोठ्या पाहणीत, पडदा हळूहळू निकामी करणाऱ्या एका आनुवंशिक आजाराचं प्रमाण जगाच्या सरासरीपेक्षा कितीतरी जास्त आढळलं होतं. म्हणूनच हे तंत्र काय आहे, ते कुठपर्यंत आलंय आणि आज काय करता येतं, हे नीट समजून घ्यायला हवं.

थोडक्यात

- प्रकाशाने जागे होणारे नॅनोकण निकामी प्रकाशपेशींना वळसा घालून पडद्यातल्या पुढच्या जिवंत पेशींना चेतवतात.
- सोन्याच्या कणांचा २०२५ चा प्रयोग उंदरांवर झालाय. माणसांवर नाही.
- माणसांवर या घराण्यातली जी पद्धत सर्वात पुढे गेली आहे, ती कणांची नसून पडद्याखाली बसवायच्या चिपची आहे.
- मोतीबिंदू, काचबिंदू किंवा मधुमेहामुळे नजर जात असेल तर या तंत्राची वाट बघणं घातक आहे. त्यावर आजच उपचार आहेत.

'पडदा' म्हणजे नक्की कोणता?

मराठीत इथेच पहिला गोंधळ होतो. मोतीबिंदू झाला की 'डोळ्यावर पडदा आला' असं आपण म्हणतो. तो पडदा म्हणजे डोळ्याच्या पुढच्या भागातलं गढूळ झालेलं भिंग. ऑपरेशन करून ते काढतात, नवीन भिंग बसवतात आणि बहुतेकांना पुन्हा दिसू लागतं.

डॉक्टर 'तुमचा पडदा खराब झालाय' म्हणतात तेव्हा ते वेगळ्याच गोष्टीबद्दल बोलत असतात. डोळ्याच्या आत, मागच्या भिंतीला चिकटलेला एक पातळ थर असतो. त्याला रेटिना किंवा दृष्टिपटल म्हणतात. भिंगातून आलेला प्रकाश या थरावर पडतो आणि इथेच त्याचं विजेच्या संदेशात रूपांतर होतं.

रेटिनाचं काम तीन टप्प्यांत चालतं. पहिल्या टप्प्यात प्रकाश टिपणाऱ्या पेशी असतात. अंधुक उजेडात काम करणाऱ्या सुमारे १२ कोटी दंडपेशी आणि भरउजेडात रंग व बारकावे टिपणाऱ्या सुमारे ६० लाख शंकूपेशी. दुसऱ्या टप्प्यात बायपोलर नावाच्या पेशी हा संदेश पुढे नेतात. तिसऱ्या टप्प्यात गँग्लियन पेशी तो गोळा करून दृष्टिचेतेमार्फत मेंदूकडे पाठवतात. या चेतेत १० लाखांहून जास्त तंतू असतात.

गावातल्या नळयोजनेसारखंच हे आहे. विहिरीवरचा पंप बंद पडला म्हणून गावभरची पाइपलाइन लगेच निकामी होत नाही. पडद्याच्या काही आजारांत अगदी असंच होतं. पहिल्या टप्प्यातल्या प्रकाशपेशी मरतात, पण बायपोलर आणि गँग्लियन पेशींपैकी बऱ्याच पुढची काही वर्षं जिवंत राहतात. त्यांना सांगायला कुणी नसतं, म्हणून त्या गप्प बसतात. या गप्प पेशींना थेट बोलतं करायचं, ही या सगळ्या संशोधनामागची मूळ कल्पना.

असं होणारे दोन आजार प्रमुख आहेत. पहिला रेटिनायटिस पिगमेंटोसा, ज्याला डॉक्टर 'आरपी' म्हणतात. हा आनुवंशिक आहे. आधी दंडपेशी जातात, त्यामुळे सुरुवात बहुतेकदा रात्री न दिसण्यापासून होते. मग बाजूचं दिसणं कमी होत जातं आणि नळीतून बघितल्यासारखं फक्त समोरचं दिसतं. शेवटी तेही जाऊ शकतं. दुसरा आजार वयोमानाने होणारा मॅक्युलाचा ऱ्हास, म्हणजे 'एएमडी'. यात उलटं होतं. बाजूचं दिसत राहतं, पण नेमकं मधोमध दिसेनासं होतं. समोर बसलेल्या माणसाचा चेहरा किंवा वर्तमानपत्रातली अक्षरं वाचता येत नाहीत.

नागपूरच्या गावांतला आकडा

नागपूरच्या सूरज आय इन्स्टिट्यूटचे डॉ. विनय नांगिया आणि जर्मनीतल्या हायडेलबर्ग विद्यापीठाचे प्रा. योस्ट योनास यांच्या पुढाकाराने 'सेंट्रल इंडिया आय अँड मेडिकल स्टडी' ही पाहणी झाली. नागपूरपासून सुमारे ४० किलोमीटरवरच्या आदिवासी पट्ट्यातल्या आठ गावांमध्ये २००६ ते २००८ या काळात ३० वर्षांवरच्या ४,७११ लोकांचे डोळे तपासले गेले. भारतातल्या ग्रामीण भागात इतक्या बारकाईने झालेल्या नेत्रपाहण्या मोजक्याच आहेत.

या पाहणीत आरपीचं प्रमाण सुमारे ७५० माणसांमागे एक असं निघालं. जगभरात साधारण ४,००० माणसांमागे एक असा अंदाज दिला जातो. पाहणी पाच हजारांपेक्षा कमी लोकांची होती, त्यामुळे आढळलेले रुग्ण हातावर मोजण्याइतकेच होते आणि आकडा थोडा इकडेतिकडे होऊ शकतो. पण दक्षिण भारतातल्या पाहण्यांतही जागतिक सरासरीपेक्षा जास्त प्रमाण दिसलं आहे. एक लाख प्रौढ लोकसंख्येच्या तालुक्याला नागपूरचं प्रमाण लावून बघितलं तर साधारण १३० लोकांना हा आजार असू शकतो.

प्रमाण जास्त असण्याचं एक कारण नात्यातल्या लग्नांशी जोडलं जातं. आरपीचे अनेक प्रकार असे आहेत की आई आणि वडील दोघांकडून दोषी जनुक आलं तरच मुलाला आजार होतो. आई-वडिलांना स्वतःला काहीच त्रास नसतो. पण दोघेही वाहक असतील तर प्रत्येक मुलाला आजार होण्याची शक्यता चारात एक असते. मामाची मुलगी करण्याची पद्धत महाराष्ट्रातल्या अनेक समाजांत आहे. एकाच कुटुंबात लग्न झालं की दोघांकडेही तेच दोषी जनुक असण्याची शक्यता वाढते. मात्र नात्यात लग्न नसलेल्या घरातही आरपी होतो. त्यामुळे यात कुणाला, विशेषतः मुलाच्या आईला, दोष देण्याचं काही कारण नाही.

पारशिवनीसारख्या तालुक्यात या आजाराचा फटका दिवसापेक्षा रात्री जास्त बसतो. शेतीपंपाला वीज अनेकदा रात्रीच्या पाळीत मिळते. ओलिताला जायचं म्हणजे अंधारात बांधावरून चालायचं. त्यात पेंचचं जंगल लागून, रानडुकरांपासून पिकाची राखण करायची. ज्याला संध्याकाळ झाल्यावर दिसत नाही, त्याच्यासाठी हे काम जिवावरचं आहे. आणि घरचे 'अंधाराला घाबरतो' म्हणून विषय सोडून देतात.

सोन्याचा कण डोळ्यात जाऊन काय करतो?

मे महिन्यात नागपूरच्या डांबरी रस्त्यावर अनवाणी पाय ठेवला की चटका बसतो. शेजारच्या पांढऱ्या पट्ट्यावर तितका बसत नाही. ऊन दोन्हीवर सारखंच पडतं, पण काळं डांबर प्रकाश जास्त शोषतं आणि त्याची उष्णता करतं. सोन्याचा नॅनोकण हेच काम करतो. फक्त तो ठरावीक रंगाचाच प्रकाश शोषतो.

हे कण दांड्यासारख्या आकाराचे असतात आणि त्यांची लांबी काही दहा नॅनोमीटर असते. माणसाचा केस साधारण ८०,००० नॅनोमीटर जाड असतो, त्यावरून अंदाज यावा. इतक्या छोट्या सोन्यातले इलेक्ट्रॉन विशिष्ट प्रकाश पडला की एका तालात हलू लागतात आणि त्या प्रकाशाची ऊर्जा उष्णतेत बदलते. कणाची लांबी-जाडी बदलली की तो कोणता प्रकाश शोषेल हेही बदलतं. म्हणून संशोधक असे कण बनवतात, जे फक्त 'निअर इन्फ्रारेड' प्रकाश शोषतील. टीव्हीचा रिमोट साधारण याच जातीचा प्रकाश वापरतो. आपल्या डोळ्याला तो दिसत नाही.

हा न दिसणारा प्रकाश निवडण्यामागे कारण आहे. अनेक पेशंटची थोडीफार नजर शिल्लक असते. साधा प्रखर प्रकाश वापरला तर ती उरलेली नजर दिपून जाईल. न दिसणारा प्रकाश त्या नजरेच्या आड येत नाही.

ब्राऊन विद्यापीठात जियारुई नी आणि प्रा. जाँगह्वान ली यांच्या गटाने या कणांना बायपोलर पेशींना चिकटून राहणारं प्रतिपिंडाचं आवरण दिलं. मग ते डोळ्याच्या आतल्या जेलीसारख्या द्रवात इंजेक्शनने सोडले. त्यानंतर निअर इन्फ्रारेड लेझरने पडद्यावर आकृत्या टाकल्या. जिथे लेझर पडला तिथले कण किंचित तापले, त्यांना लागून असलेल्या पेशी चेतल्या आणि ज्या आकाराचा लेझर टाकला त्याच आकारात पेशींनी प्रतिसाद दिला. पडदा निकामी झालेल्या जिवंत उंदरांत, मेंदूच्या दृष्टीशी संबंधित भागातली हालचालही वाढलेली दिसली. कण कित्येक महिने डोळ्यात राहिले तरी सूज किंवा विषारी परिणामाच्या ठळक खुणा आढळल्या नाहीत.

माणसासाठी मनात असलेली रचना अशी: डोळ्यात कणांचं इंजेक्शन आणि चेहऱ्यावर एक गॉगल. गॉगलमधला कॅमेरा समोरचं दृश्य टिपणार, त्याच दृश्याच्या आकारात छोटा लेझर पडद्यावर प्रकाश टाकणार. म्हणजे नुसत्या इंजेक्शनने काहीच दिसणार नाही. गॉगल काढला की अंधार परत.

इंजेक्शन हा या पद्धतीचा मोठा फायदा आहे. डोळ्यातल्या त्या द्रवात इंजेक्शन देणं रेटिनाच्या डॉक्टरांसाठी रोजचं काम आहे. मधुमेहाच्या पेशंटना भारतातही ती दिली जातात. चिप बसवायला मोठी शस्त्रक्रिया लागते आणि ती चिप पडद्याचा छोटा तुकडाच झाकते. कण मात्र पडद्यावर बऱ्याच मोठ्या भागात पसरू शकतात.

सोनं आहे म्हणून सुवर्णभस्म चालेल का?

नाही. या प्रयोगात सोनं औषध म्हणून वापरलेलंच नाही. ते फक्त प्रकाश पकडून गरम होणारा सूक्ष्म तवा आहे. विशिष्ट आकार, विशिष्ट आवरण, थेट डोळ्याच्या आत इंजेक्शन आणि वरून लेझर, या चारही गोष्टी जुळल्या तरच काम होतं. सोन्याचं भस्म पोटात घेऊन किंवा डोळ्यात कसलेही थेंब टाकून यातलं काहीच घडत नाही. 'परदेशी शास्त्रज्ञांनीही मान्य केलं' म्हणून कुणी असं काही विकत असेल, तर हा प्रयोग त्याचा पुरावा नाही.

याच वाटेवरचे आधीचे प्रयोग, आणि त्यातला बेंगळुरूचा वाटा

ब्राऊनचा प्रयोग आभाळातून पडलेला नाही. प्रकाशाने जागे होणाऱ्या सूक्ष्म पदार्थांवर गेली काही वर्षं तीन वेगवेगळ्या पद्धतींनी काम चालू आहे.

*उष्णतेची वाट.* काही साप अंधारात भक्ष्याच्या अंगातली उष्णता ओळखतात. सह्याद्रीत आढळणारा चापडा हा त्यातलाच. २०२० मध्ये स्वित्झर्लंडमधल्या बासेल इथे बोटोंड रोस्का यांच्या गटाने हीच युक्ती डोळ्यात आणली. उष्णता ओळखणाऱ्या प्रथिनाचं जनुक पडद्यातल्या पेशींत घातलं आणि त्याला सोन्याच्या नॅनोदांड्या जोडल्या. अंध उंदरांनी निअर इन्फ्रारेड प्रकाशाला प्रतिसाद दिला. मृत्यूनंतर दान केलेल्या मानवी डोळ्यांच्या पडद्यावरही प्रयोगशाळेत परिणाम दिसला. यात जनुकीय बदल लागत होता. ब्राऊनच्या पद्धतीत तो लागत नाही.

*विजेची वाट.* इथे भारताचं नाव येतं. बेंगळुरूच्या जवाहरलाल नेहरू प्रगत वैज्ञानिक संशोधन केंद्रात प्रा. के. एस. नारायण यांचा गट 'पी३एचटी' नावाच्या प्लास्टिकवर काम करत होता. हे प्लास्टिक वीज वाहून नेतं आणि सौरघटांच्या संशोधनात खूप वापरलं गेलं आहे. प्रकाश पडला की त्यात विद्युतभार तयार होतो. २०१४ मध्ये या गटाने तेल अवीव विद्यापीठाच्या संशोधकांसोबत एक प्रयोग प्रसिद्ध केला. कोंबडीच्या भ्रूणाचा असा पडदा घेतला, ज्यात प्रकाश टिपण्याची क्षमता अजून आलेलीच नव्हती. तो या प्लास्टिकवर ठेवून प्रकाश टाकला तेव्हा त्या 'आंधळ्या' पडद्याने संदेश दिले.

पुढे इटलीतल्या संशोधकांनी याच प्लास्टिकचे नॅनोकण बनवले. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात, पडदा निकामी होणाऱ्या जातीच्या उंदरांच्या डोळ्यात त्यांचं एकच इंजेक्शन दिलं. आठ महिन्यांपर्यंत परिणाम टिकला. या कणांना साधा दिसणारा प्रकाश पुरतो, त्यामुळे लेझर किंवा गॉगलची गरज पडत नाही, हे त्याचं वेगळेपण.

*रंग बदलण्याची वाट.* २०१९ मध्ये चीन आणि अमेरिकेतल्या संशोधकांनी असे कण बनवले, जे न दिसणारा इन्फ्रारेड प्रकाश घेऊन हिरवा प्रकाश देतात. ते टोचल्यावर उंदरांना इन्फ्रारेडमधले आकार ओळखता आले आणि ही क्षमता दहा आठवड्यांपर्यंत टिकली. बातम्यांत हा प्रयोगही 'अंधांना दृष्टी' म्हणून फिरतो. प्रत्यक्षात ते उंदीर डोळस होते. हिरवा प्रकाश टिपायला जिवंत प्रकाशपेशी लागतातच. ज्याच्या प्रकाशपेशी मेल्या आहेत त्याला या वाटेचा उपयोग नाही.

माणसांवर आतापर्यंत काय सिद्ध झालं?

निकामी प्रकाशपेशींना वळसा घालता येतो, हे आता माणसांतही दिसलं आहे. पण ते नॅनोकणांनी नाही.

ऑक्टोबर २०२५ मध्ये 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये 'प्रिमा' नावाच्या चिपच्या चाचणीचे निष्कर्ष आले. स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या डॅनियल पलांकर यांच्या कल्पनेतून ही चिप तयार झाली. २ मिलिमीटर लांब-रुंद, ३७८ ठिपक्यांची ही चिप पडद्याखाली बसवतात. तिला वायर नसते. गॉगलमधून येणारा निअर इन्फ्रारेड प्रकाशच तिला वीज आणि चित्र दोन्ही पुरवतो. युरोपातल्या पाच देशांत, एएमडीमुळे मधली नजर गेलेल्या ३८ वृद्धांना ती बसवली. वर्षभर चाचणीत राहिलेल्या ३२ पैकी २६ जणांच्या नजरेत अर्थपूर्ण सुधारणा झाली. काहींना अक्षरं आणि शब्द वाचता येऊ लागले.

पण ही नजर पूर्वीसारखी नाही. रंग दिसत नाहीत. एका वेळी थोडाच भाग दिसतो. कित्येक महिने सराव करावा लागतो. हातातल्या साध्या मोबाईलच्या स्क्रीनवर लाखो ठिपके असतात, इथे ३७८. शस्त्रक्रियेमुळे काहींना गंभीर त्रासही झाला, जो बहुतेकांच्या बाबतीत दोन महिन्यांत बरा झाला.

आरपीच्या बाबतीत २०२१ मध्ये एक महत्त्वाची नोंद झाली. फ्रान्समध्ये ५८ वर्षांच्या एका पुरुषाच्या गँग्लियन पेशींत प्रकाश ओळखणाऱ्या प्रथिनाचं जनुक सोडलं गेलं. खास गॉगल घालून त्याला टेबलावरची वस्तू शोधता, मोजता आणि हात लावून दाखवता आली. चेहरे ओळखता आले नाहीत, पुस्तक वाचता आलं नाही. पण चाळीस वर्षांपूर्वी निदान झालेल्या माणसासाठी तेही मोठंच होतं.

एक कटू अनुभवही आहे. 'आर्गस २' हे ६० इलेक्ट्रोडचं कृत्रिम दृष्टियंत्र २०१३ मध्ये अमेरिकेत मंजूर झालं. जगभरात साडेतीनशेच्या आसपास लोकांना ते बसवलं गेलं. २०१९ मध्ये सेकंड साइट या कंपनीने ते बनवणं थांबवलं. ज्यांच्या डोळ्यात यंत्र होतं त्यांना दुरुस्ती आणि सुटे भाग मिळणं अवघड झालं. डोळ्यात बसवलेल्या तंत्राला कंपनी पुढची वीस वर्षं टिकेल का, हा प्रश्न म्हणूनच नजरेइतकाच महत्त्वाचा आहे. गॉगल आणि लेझर लागणाऱ्या नॅनोकणांनाही तो लागू होतो.

मग अडलंय कुठे?

- उंदीर आणि माणूस. ब्राऊनच्या प्रयोगात मोजली गेली ती पेशींची आणि मेंदूची हालचाल. माणसाला त्यातून काय 'दिसेल', हे माणसानेच सांगायला हवं.
- उष्णतेची मर्यादा. पेशी चेतवायला थोडी उष्णता लागते, जास्त झाली तर तीच पेशी मरते. दिवसभर, वर्षानुवर्षं लेझर चालू ठेवला तर काय होईल हे तपासावं लागेल.
- कण काढायचे कसे? चिप काढता येते. पडद्यात पसरलेले कण वेचून काढता येत नाहीत. काही बिघडलं तर परतीचा रस्ता नाही.
- आजार किती जुना? प्रकाशपेशी गेल्यावर बरीच वर्षं उलटली की उरलेल्या पेशींच्या जोडण्याही विस्कटतात. तेव्हा चेतवायलाच काही शिल्लक राहत नाही.

कुणाला उपयोग होऊ शकेल, कुणाला नाही?

पुढेमागे हे तंत्र माणसांपर्यंत आलंच, तर ते प्रामुख्याने आरपी आणि एएमडीसारख्या आजारांसाठी असेल, जिथे प्रकाशपेशी गेल्यात पण पुढची यंत्रणा शाबूत आहे.

काचबिंदूत गँग्लियन पेशी आणि दृष्टिचेताच मरते, म्हणजे पाइपलाइनच तुटते. तिथे याचा उपयोग नाही. मोतीबिंदूत पडदा मुळात ठीक असतो. बुबुळावर फूल पडलं असेल तर नेत्रदानातून मिळालेल्या पारदर्शक पटलाचं रोपण करता येतं. आणि इथे अनेक आरपीग्रस्त कुटुंबांचा गैरसमज असतो: नेत्रदानातून रेटिना बदलता येत नाही. बदललं जातं ते फक्त डोळ्याचं पुढचं पारदर्शक पटल.

आज, इथे काय करता येतं?

पहिली गोष्ट, रातांधळेपणाला एकच नाव असलं तरी कारणं दोन असू शकतात. लहान मुलाला संध्याकाळी दिसत नसेल तर ते 'अ' जीवनसत्त्वाच्या कमतरतेमुळे असू शकतं. डोळ्याच्या पांढऱ्या भागावर फेसासारखे ठिपके ही त्याची एक खूण. वेळेत डोस मिळाला तर हे पूर्ण बरं होतं, उशीर झाला तर बुबुळ कायमचं खराब होतं. सरकारी लसीकरणात नऊ महिन्यांपासून पाच वर्षांपर्यंत 'अ' जीवनसत्त्वाचे नऊ डोस असतात. ते चुकवू नयेत. शेवग्याचा पाला, पपई, लाल भोपळा हे रोजच्या जेवणात हवेत.

दुसरं कारण आरपी. ते डोळ्यात थेंब टाकून पडदा तपासल्याशिवाय कळत नाही. चष्म्याच्या दुकानातली नंबरची तपासणी इथे पुरत नाही. नागपुरात 'मेडिकल', 'मेयो' आणि मिहानमधलं एम्स या सरकारी रुग्णालयांत नेत्रविभाग आहेत. घरात एकाला आरपी निघाला तर भावंडांचीही तपासणी करावी. शक्य असेल तर जनुकीय चाचणीही करावी, कारण पुढचे उपचार नेमक्या जनुकावर अवलंबून असतील. 'आरपीइ६५' या एका जनुकातल्या दोषावर अमेरिकेत डिसेंबर २०१७ मध्ये जनुकीय उपचाराला मान्यताही मिळाली आहे. पण तो त्या एका दोषावरच चालतो.

तिसरी गोष्ट, नजर गेलेल्यांपैकी बहुतेकांचा आजार आरपी नसतो. २०१५ ते २०१९ च्या राष्ट्रीय पाहणीत ५० वर्षांवरच्या लोकांतल्या अंधत्वाचं सुमारे ६६ टक्के कारण मोतीबिंदू हेच होतं. त्याचं ऑपरेशन सरकारी कार्यक्रमातून मोफत होतं. मधुमेह असेल तर काही त्रास नसला तरी वर्षातून एकदा पडदा तपासून घ्यावा. मधुमेहाने पडदा बिघडू लागला की लेझर आणि इंजेक्शनने नुकसान थांबवता येतं, पण गेलेली नजर सहसा परत मिळत नाही.

चौथी गोष्ट, आरपीवर आज सरसकट उपचार नसला तरी मदत आहे. उरलेल्या नजरेसाठी मोठं दाखवणारी भिंगं, बोलणारे मोबाईल ॲप, पांढरी काठी चालवण्याचं प्रशिक्षण मिळू शकतं. दृष्टिदोष ४० टक्के किंवा त्याहून जास्त असेल तर २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याखालचे लाभ मिळतात. त्यासाठी वैश्विक ओळखपत्र, म्हणजे 'यूडीआयडी' कार्ड काढावं. 'पुढे इंजेक्शन येणारच आहे' म्हणून कार्ड काढायचं किंवा काठी हातात घ्यायचं टाळलं, तर मधली वर्षं वाया जातात.

फसवणूक कशी ओळखायची?

ज्या आजारावर उपचार नाही, त्याच्या पेशंटला गाठणारे लोक सगळीकडे असतात. नॅनोकण, सोनं, स्टेम सेल असे शब्द वापरून ते लाखो रुपये मागतात. काही खुणा लक्षात ठेवा.

- भारतात माणसांवरची कोणतीही वैद्यकीय चाचणी 'क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्री इंडिया' या सरकारी यादीत नोंदवणं २००९ पासून बंधनकारक आहे. ही यादी कुणालाही इंटरनेटवर मोफत बघता येते. नोंदणी क्रमांक विचारा.
- 'चाचणी आहे, पण औषधाचे पैसे भरा' असं म्हटलं तर तिथेच थांबा.
- आरपी किंवा एएमडीवर पैसे घेऊन स्टेम सेल टोचणं भारतात मान्यताप्राप्त उपचार नाही.
- 'एकही साइड इफेक्ट नाही', 'शंभर टक्के नजर परत' असं खरा संशोधक कधीच लिहून देत नाही.
- बातमीत 'उंदीर' शब्द शोधा. सापडला, तर ती बातमी पुढच्या काही वर्षांची आहे, पुढच्या महिन्याची नाही.

बेंगळुरूतल्या भ्रूणाच्या पडद्यापासून युरोपातल्या ३२ वृद्धांपर्यंत, गप्प झालेला पडदा पुन्हा बोलू शकतो हे गेल्या दहा-बारा वर्षांत सिद्ध होत गेलं आहे. सोन्याचे कण ही त्यातली नवीन आणि खरोखर आश्वासक पायरी आहे. ती माणसांपर्यंत पोहोचेल तेव्हा तिचा फायदा त्यांनाच होईल, ज्यांचा आजार नेमका ओळखला गेलाय आणि ज्यांच्या पडद्याची नोंद वर्षानुवर्षं ठेवली गेली आहे. त्यामुळे ही बातमी कुणाला फॉरवर्ड करायचीच असेल, तर सोबत एक ओळ जोडा: आधी पडदा तपासून घे.